जपानला कामासाठी जायचंय: सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी २०१२ साली पुण्याहून टोकियोला आले. पहिली काही वर्षं आयटी कंपन्यांत दुभाषी होते. आता भारत, नेपाळ, म्यानमारमधून येणाऱ्या केअरगिव्हर मुलामुलींना इथे रुळायला मदत करणाऱ्या संस्थेत काम करते. सांगली, नांदेड, रत्नागिरी, फोंडा अशा ठिकठिकाणांहून मला निरोप येतात आणि त्यातले बरेचसे प्रश्न तेच तेच असतात. प्रत्येकाला घाईघाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

जपानला खरंच माणसं हवी आहेत, की ही नुसती हवा आहे?

खरंच हवी आहेत. इथे शंभरातली जवळजवळ तीस माणसं ६५ वर्षांच्या वरची आहेत. वृद्धाश्रमात खाटा आहेत, पण उचलायला हात नाहीत. शेती, बांधकाम, हॉटेलं, डबाबंद पदार्थांचे कारखाने, सगळीकडे हीच स्थिती. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाख लोकांची ये-जा व्हावी असं ठरवलं. त्यात भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल लोक धरलेले आहेत.

पण देशाला माणसं हवी असणं वेगळं आणि तुम्हाला चांगली नोकरी मिळणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये भाषा उभी आहे. पुढची निम्मी उत्तरं फिरून तिथेच येतात, कारण तेरा वर्षांत मी जी माणसं इथे उभी राहिलेली पाहिली आणि जी खचून परत गेलेली पाहिली, त्यांच्यातला फरक बहुतेक वेळा एवढाच होता.

जायचे मार्ग कोणते?

मुख्य चार. पदवीधर असाल आणि पदवीशी जुळणारं ऑफिसचं किंवा तांत्रिक काम मिळालं, तर इंजिनिअर आणि तज्ज्ञ लोकांसाठीचा वर्क व्हिसा. आयटीवाले बहुतेक याच व्हिसावर येतात. पदवी नसेल तरी चालणारा, पण परीक्षा देऊन मिळणारा ‘तोकुतेई गिनो’, म्हणजे ठरावीक कौशल्याचा व्हिसा. तिसरा, इंटर्न म्हणून येण्याचा ‘गिनो जिश्शू’. आणि चौथा विद्यार्थी व्हिसा.

इंटर्नच्या योजनेत मालक बदलता येत नसे आणि त्यापायी अनेकांचे हाल झाले. ती बंद करून ‘इकुसेई शूरो’ ही नवी योजना आणण्याचा कायदा जपानच्या संसदेने जून २०२४ मध्ये केला. ती एप्रिल २०२७ पासून सुरू व्हायची आहे. आत्ता कोणी तुम्हाला इंटर्न म्हणून पाठवतो म्हणत असेल, तर ‘तोकुतेई गिनो का नाही?’ एवढं जरूर विचारा.

तोकुतेई गिनोसाठी शिक्षण किती लागतं? परीक्षा कसली?

वय १८ पूर्ण हवं. पदवीची अट नाही. दोन गोष्टी पास व्हाव्या लागतात. एक जपानी भाषेची, म्हणजे जेएलपीटी या परीक्षेची एन-४ पातळी (एन-५ सगळ्यात खालची, एन-१ सगळ्यात वरची) किंवा त्याऐवजी जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा. दुसरी तुमच्या कामाची. केअरगिव्हिंगला, ज्याला इथे ‘काइगो’ म्हणतात, आणखी एक जास्तीची परीक्षा आहे: काइगोच्या कामात लागणारं जपानी. कौशल्याच्या पेपरात ४५ प्रश्न आणि एक तास, भाषेच्या पेपरात १५ प्रश्न आणि अर्धा तास.

२०१९ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा १४ क्षेत्रं होती, २०२४ मध्ये ती १६ झाली. भारताशी याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. मात्र प्रत्येक क्षेत्राची परीक्षा भारतात होत नाही. क्लासची फी भरण्याआधी तुमच्या क्षेत्राची परीक्षा भारतात होते का, हे स्वतः पाहा. क्लासवाल्याच्या शब्दावर राहू नका.

मी जीएनएम नर्स आहे. तिथे नर्स म्हणून काम मिळेल ना?

सरळ मिळणार नाही. जपानमध्ये नर्स व्हायला जपानची राष्ट्रीय परीक्षा जपानी भाषेत द्यावी लागते आणि परदेशात शिकलेल्यांना त्याआधी एन-१, म्हणजे सगळ्यात वरची पातळी लागते. तुम्हाला जे काम देऊ केलं जातंय ते काइगोचं आहे: आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, खाटेवरून व्हीलचेअरवर बसवणं. इंजेक्शन नाही, सलाइन नाही.

हे काम कमी प्रतीचं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण नर्सिंग सुटल्याचं दुःख काही मुलींना इथे आल्यावर कळतं आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. घरच्यांशी आधीच मोकळेपणाने बोला. ‘मुलगी जपानला नर्स आहे’ असं गावभर सांगितलं गेलं की त्या मुलीला खरं सांगणं जड जातं.

जपानी शिकायला किती दिवस लागतात? मराठी माणसाला जमतं का?

रोज दोन तास मनापासून दिले तर एन-४ ला साधारण आठ-दहा महिने. ‘तीन महिन्यांत एन-४’ अशी पाटी दिसली तर पुढे चालू लागा.

मराठी माणसाला लिपी जड जाते, व्याकरण नाही. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या. त्या दोन-तीन आठवड्यांत बसतात. कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, मात्र रोज थोडी थोडी घोटावी लागतात. वाक्याची घडण ऐका: ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु.’ मी भात खातो. कर्ता, कर्म, क्रियापद, अगदी आपल्यासारखं. आपले प्रत्यय नामाच्या मागे लागतात, त्यांचेही मागेच लागतात. ‘टोकियोला’ म्हणायचं तर ‘टोकियो नी’. आणि वाक्याच्या शेवटी आपण ‘छान आहे ना’ म्हणतो तसं ते ‘देसु ने’ म्हणतात, त्याच सुरात. माझ्या वर्गातल्या साताऱ्याच्या मुलीला हे उमगलं त्या दिवसापासून तिची भीती गेली.

पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे. विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, चांगले खासगी शिक्षकही बरेच आहेत. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, मुंबईत आणि पुण्यातही केंद्र असतं. अर्ज काही महिने आधी भरावा लागतो, तो चुकला की सहा महिने गेले.

एक गोष्ट परीक्षेत येत नाही ती इथे सांगते. पुस्तकातली आजी ‘त्सुकारेमाशिता’ म्हणते, म्हणजे दमले. ओसाकाकडची खरी आजी ‘शिंदोई’ म्हणते. ते दमणं असेल, जीव घाबरणं असेल, छातीत दुखणंही असेल. चेहरा बघून ओळखावं लागतं. नवीन मुलींना मी खिशात मावेल अशी वही ठेवायला सांगते. दुखतंय म्हणजे ‘इताई’, खाजतंय म्हणजे ‘कायूई’, थंडी वाजतेय म्हणजे ‘सामुई’. दोघींनी मिळून माणूस उचलायचा तर आधी ‘सेऽनो’ म्हणायचं, आपण ओझं उचलताना आवाज देतो तसं. तो आवाज न देता उचललं तर आजी दचकते आणि सोबतिणीच्या कमरेत भरते. कामाची पाळी संपताना ‘मोशिओकुरी’ असते, म्हणजे पुढच्या पाळीतल्या लोकांना तोंडी माहिती देणं: कोण जेवलं, कोण जेवलं नाही, कोणाला रात्री ताप होता. पहिले तीन महिने मुली या पाच मिनिटांना सगळ्यात जास्त घाबरतात.

एजंट साडेपाच लाख मागतोय. द्यावेत का?

नाही.

भारताच्या नियमांनुसार परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घ्यायचं असतं, तेही पावती देऊन. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी असते. नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता तिन्ही ताडून पाहा. नुसतं बोर्डावरचं नाव पाहू नका, कारण दुसऱ्याच्या नोंदणीवर दुकान चालवणारे आहेत.

उरलेले पैसे ते ‘ट्रेनिंग’, ‘डॉक्युमेंटेशन’, ‘होस्टेल’ या नावांखाली मागतात. भाषेच्या क्लासला फी लागणारच, पण ती कशाची आणि किती महिन्यांची हे लेखी घ्या. तोकुतेई गिनोच्या माणसाकडून अनामत घेणं किंवा ‘मध्येच सोडलंस तर अमुक लाख भर’ असा दंडाचा करार करणं जपानच्या नियमांत बसत नाही. विमानतळावर घ्यायला येणं, वॉर्ड ऑफिसात सोबत नेणं, घर शोधायला मदत करणं हे मालकाचं बंधनकारक काम आहे. त्याचा खर्च तुमच्याकडून घेता येत नाही.

शेत गहाण टाकून, आईच्या पाटल्या मोडून आलेली माणसं मी पाहिली आहेत. कर्ज डोक्यावर असलं की माणूस वाईट मालकाकडेही तोंड मिटून राहतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, व्याजाने पैसे काढून येऊ नका. त्यापेक्षा एक वर्ष उशिरा या आणि एन-३ करून या. तेव्हा तुमच्यापुढे निवड असेल.

करारात काय बघायचं?

मी पहिल्यांदा आले तेव्हा मला एन-३ येत होतं. तरीही कन्सल्टन्सीने मला कराराचं फक्त शेवटचं पान दिलं, ‘इथे सही करा, बाकी फॉरमॅलिटी आहे’ म्हणाले, आणि मी केली. आल्यावर कळलं की माझी नोकरी ‘हाकेन’ आहे, म्हणजे एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला माणूस पुरवायचा तसली, एका वर्षाची. बाराव्या महिन्यात मुदत वाढवली नाही. मार्चची थंडी, हातात दीड महिन्याचा पगार आणि घरभाडं पुढे. वाचता येत असून वाचलं नाही, हे मला फार दिवस लागून राहिलं होतं. म्हणून आता मी प्रत्येकाला सगळी पानं समोर ठेवायला लावते.

कराराची प्रत तुम्हाला समजेल अशा भाषेत मागा. त्यात मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहिलेले हवेत. ‘ओव्हरटाइम धरून दोन लाख’ असं असेल तर किती तासांचा ओव्हरटाइम धरलाय ते विचारा. घरभाडं, वीज, जेवण यांची कपात किती? करार किती महिन्यांचा? कामाची जागा कोणत्या गावात? रोजच्या आठ तासांवर गेलं की किमान २५ टक्के जास्त, रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत आणखी २५ टक्के जास्त मिळायला हवेत. सहा महिने भरल्यावर वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. आणि तोकुतेई गिनोमध्ये तेच काम करणाऱ्या जपानी माणसापेक्षा कमी पगार देता येत नाही.

हातात किती पडतात?

काइगोचं एक रोजचं उदाहरण घेऊ. ठोक पगार दोन लाख येन. त्यातून पेन्शनचे १८,३०० येन, आरोग्य विम्याचे साधारण दहा हजार, बेरोजगारी विमा आणि प्राप्तिकराचे मिळून चार-पाच हजार जातात. हातात १ लाख ६५ हजारांच्या आसपास. मालकाने दिलेल्या खोलीचं भाडं ३५-४० हजार, स्वतः रांधलं तर खाण्याचे ३० हजार, वीज-गॅस-पाणी दहा हजार, फोन तीन हजार. काटकसरीने ७०-८० हजार येन मागे पडतात. २०२४-२५ मध्ये एक येन साधारण ५५ ते ६० पैशांचा होता, म्हणजे महिन्याला ४०-४५ हजार रुपये.

टोकियोत किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून ताशी १,२२६ येन आहे. खेड्यापाड्यांकडे ते कमी, पण भाडंही निम्मं. बचत करायची असेल तर टोकियोचा हट्ट सोडा.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पगार अचानक कमी आला. कंपनीने फसवलं का?

बहुतेक नाही. तो ‘जूमिनझेई’ आहे, रहिवासी कर. तो आदल्या वर्षाच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी कापलाच जात नाही आणि दुसऱ्या जूनपासून सुरू होतो. वरच्या उदाहरणातल्या माणसाचे महिन्याला सात-आठ हजार येन जातील. नोकरी सोडली तरी आदल्या वर्षाचा कर भरावाच लागतो, त्यामुळे नोकऱ्यांच्या मधल्या महिन्यांत तो फार बोचतो. पहिल्या वर्षापासून थोडे बाजूला ठेवा.

बायकामुलांना नेता येतं का?

पदवीच्या वर्क व्हिसावर येतं. जोडीदाराला परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. तोकुतेई गिनोच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे जास्तीत जास्त पाच वर्षं, कुटुंब आणता येत नाही. ही अट लग्न झालेल्यांनी, आणि ज्यांचं लग्न ठरतंय त्यांनी तर नक्कीच, आधीच घरात बोलून घ्यावी.

काइगोवाल्यांना पुढचा रस्ता आहे: तीन वर्षं काम, ठरवून दिलेलं प्रशिक्षण आणि मग ‘काइगो फुकुशिशी’ ही राष्ट्रीय परीक्षा. ती वर्षातून एकदा, जानेवारीत असते आणि जपानीत असते. पास झालात की काइगोचा स्वतंत्र व्हिसा मिळतो, तो वाढवता येतो आणि कुटुंबही आणता येतं. इतर अनेक क्षेत्रांत तोकुतेई गिनोचा दुसरा टप्पा आहे, त्यातही जोडीदार आणि मुलांना आणता येतं.

उतरल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत काय काय करायचं?

नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळावर तिथेच ‘झाइर्यू कार्ड’, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, हातात मिळतं. ते सतत जवळ ठेवायचं, कायद्याने ते बंधनकारक आहे. पासपोर्ट मात्र कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, मालकाच्याही नाही. घर मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात किंवा नगरपालिकेत पत्ता नोंदवा. मग फोन, मग बँक. पहिले सहा महिने बँका हात आखडता घेतात, त्या मानाने पोस्टाच्या बँकेत खातं लवकर उघडतं. आरोग्य विमा कंपनीकडून मिळाला की दवाखान्यात ३० टक्के तुम्ही भरायचे, बाकी विमा.

पत्ता किंवा नोकरी बदलली की पुन्हा १४ दिवसांत कळवायचं. हे विसरलेल्यांना व्हिसा वाढवताना त्रास होतो.

घर भाड्याने मिळतं का? परदेशी म्हणून नाकारतात असं ऐकलंय.

नाकारतात, हो. तोंडावर, नम्रपणे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं. एजंटने फोनवर घरमालकाला ‘परदेशी आहे, पण जपानी बोलते’ असं सांगितलेलं मी समोर बसून ऐकत होते आणि पलीकडून नकार आला. पाचव्या घराला होकार आला, आणि त्याच मालकीणबाईंनी पुढे सात वर्षं मला दर नवीन वर्षाला ‘मोची’, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताच्या वड्या, आणून दिल्या.

सुरुवातीला भाड्याच्या चार-पाच पट रक्कम लागते: ‘शिकिकिन’ म्हणजे डिपॉझिट, ‘रेइकिन’ म्हणजे मालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम, हमी देणाऱ्या कंपनीची फी, दलाली, पहिलं भाडं. यूआर नावाची सरकारी संस्था आहे, तिच्या घरांना रेइकिन नाही, दलाली नाही आणि हमीदारही लागत नाही. पगाराची अट बसत असेल तर आधी तिथे चौकशी करा.

कचऱ्यावरून शेजारी चिडतात का?

चिडत नाहीत, पण बघतात. जळणारा कचरा वेगळा, बाटल्या-डबे वेगळे, कागद वेगळा, प्रत्येकाचा वार ठरलेला. प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण काढायचं, वरचा कागद सोलायचा, बाटली विसळायची. चुकलं तर गाडीवाले पिशवीला चिठ्ठी चिकटवून ती तिथेच ठेवतात आणि संध्याकाळी येताना सगळ्या गल्लीला ती दिसते. वॉर्ड ऑफिसात वेळापत्रक मिळतं, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही. फ्रिजवर लावा.

मी शुद्ध शाकाहारी आहे. निभेल का?

घरी उत्तम निभेल, बाहेर कठीण. जपानी रसात, सॉसमध्ये, साध्या दिसणाऱ्या भाजीतही ‘दाशी’, म्हणजे चवीसाठी काढलेला अर्क, असते आणि ती बहुधा वाळवलेल्या माशाची असते. ‘निकु नाशी’ म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही, मासा त्यांच्या हिशेबात मांसात येत नाही.

घरचं मात्र मनासारखं जमतं. तांदूळ चिकट आणि आखूड असतो. मावळात इंद्रायणी खाऊन वाढलेल्यांना तो पहिल्याच दिवशी आवडतो. टोकियोशेजारचा चिबा जिल्हा शेंगदाण्यासाठी जपानभर प्रसिद्ध आहे, कूट असं होतं की विचारू नका. रताळी इथे जागोजागी भाजून विकतात, म्हणजे उपासाचीही सोय झाली. तूरडाळ, पोहे, हिंग टोकियोतल्या निशी कासाई या भारतीय वस्तीच्या दुकानांत मिळतं आणि लांब राहणाऱ्यांना पार्सलने येतं. भाकरीचं पीठ मिळतं, पण महाग.

काइगोच्या कामात एक अडचण सांगून ठेवते: तुम्हाला आजी-आजोबांना मासा आणि मांस भरवावं लागेल. जमणार नसेल तर मुलाखतीतच सांगा.

मालकाने त्रास दिला तर नोकरी सोडता येते?

तोकुतेई गिनोमध्ये त्याच क्षेत्रातली दुसरी नोकरी घेता येते, पण इमिग्रेशनकडून नव्याने परवानगी मिळेपर्यंत नवीन जागी काम सुरू करता येत नाही. म्हणून आधी नवीन जागा पक्की करा, मग राजीनामा द्या. पगार थकवला, ओव्हरटाइम दिला नाही तर ‘रोदो किजुन कान्तोकुशो’ म्हणजे कामगार कायद्यांची अंमलबजावणी करणारं सरकारी कार्यालय आहे. तिथे जाताना पगाराच्या स्लिपा आणि रोजच्या येण्या-जाण्याच्या वेळा लिहिलेली वही न्या. ती वही पहिल्या दिवसापासून ठेवा, मराठीत लिहिली तरी चालेल.

तीन महिन्यांतून एकदा आमच्यासारख्या संस्थेची माणसं तुम्हाला भेटतात. तेव्हा ‘सगळं ठीक आहे’ म्हणून उठू नका. आम्ही विचारतो ते कळकळीने विचारतो.

स्टुडंट व्हिसावर जाऊन काम केलं तर?

परवानगी आठवड्याला २८ तासांची, मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तासांची. त्यात फी आणि राहणं दोन्ही निघत नाही. मग लोक चोरून जास्त तास करतात आणि पकडले गेले की व्हिसा वाढत नाही. घरून फीची सोय असेल तर जरूर या. कमवायला म्हणून येऊ नका.

थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, ८० हजार पगार, इंग्रजी पुरे, लगेच निघायचं. कसं वाटतं?

जाऊ नका. अशाच जाहिरातींना भुलून गेलेल्या भारतीय मुलांना बँकॉकला पर्यटक म्हणून उतरवून, सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडी भागात नेऊन, ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवलं गेलं आहे. कंबोडिया आणि लाओसमध्येही तेच. पासपोर्ट काढून घेतात, सुटकेसाठी पैसे मागतात. नोकरीसाठी टुरिस्ट व्हिसावर नेणारा माणूस, मग तो ओळखीतला का असेना, तिथेच थांबवा. घरातलं कोणी असं गेलं असेल तर लाजू नका, त्या देशातल्या भारतीय दूतावासाला आणि भारतातल्या पोलिसांना लगेच कळवा.

तिथे आपली माणसं आहेत का? फार एकटं वाटतं म्हणतात.

आहेत. जपानमध्ये भारतीय ५० हजारांच्या वर आहेत आणि टोकियोचा एदोगावा वॉर्ड, त्यातलं निशी कासाई, हे त्यांचं मोठं ठिकाण. २००० सालाच्या सुमारास आयटीवाले आले ते तोझाई लाइनवरून ऑफिसला एका गाडीत जाता येतं म्हणून इथे राहिले, आणि मग मुलांच्या शाळा आल्या, दुकानं आली. टोकियो मराठी मंडळाचा गणपती असतो. २०१९ मध्ये एदोगावाच्या वॉर्ड कौन्सिलवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकमेकांना पेढे वाटले होते.

पण काइगोच्या मुली बहुतेक लांबच्या गावांत असतात, जिथे दुसरा मराठी माणूस नाही. तिथे पहिला हिवाळा अवघड जातो. साडेचारला अंधार पडतो. अशा मुलींना मी सांगते की आईला रोज फोन करा, पण गावातल्या एका तरी जपानी बाईशी ओळख वाढवा. बऱ्याच नगरपालिकांत स्वयंसेवक आठवड्यातून एकदा फुकट किंवा नाममात्र फीत जपानी शिकवतात. बहुतेक निवृत्त शिक्षिका. व्याकरण कमी आणि चहा जास्त होतो. नांदेडच्या एका मुलीला तिच्या शिक्षिकेने पहिल्या बर्फाच्या दिवशी स्वतःचे बूट आणून दिले होते.

कायमचं राहता येतं का? आणि परत आलं तर पेन्शनचे पैसे बुडतात?

कायमच्या वास्तव्याचा परवाना साधारणपणे दहा वर्षांनी मागता येतो, त्यातली पाच कामाच्या व्हिसावरची हवीत. तोकुतेई गिनोच्या पहिल्या टप्प्यातली वर्षं या पाचांत धरत नाहीत, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. उच्च कौशल्याच्या गुणपद्धतीत ७० गुण असतील तर तीन वर्षांत, ८० असतील तर एका वर्षात अर्ज करता येतो. कर आणि पेन्शन वेळेवर भरलेलं हवं. नागरिकत्व घेतलं तर भारताचं सोडावं लागतं.

पेन्शन बुडत नाही. जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर काही भाग एकरकमी परत मिळतो, जास्तीत जास्त पाच वर्षांचा हिशेब धरून. त्यातून २०.४२ टक्के कर कापतात, तोही जपानमध्ये कर-प्रतिनिधी नेमून मागता येतो. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं जोडता येतात. पण एकरकमी पैसे उचलले की ती वर्षं जोडता येत नाहीत. बरीच वर्षं राहिला असाल तर घाईने अर्ज करू नका.

बॅगेत काय घ्यावं, काय नको?

पदवी आणि मार्कलिस्टच्या मूळ प्रती, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पासपोर्ट-फोटो. रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, पण एका महिन्यापुरतीच. सर्दीच्या औषधाचं लेबल मात्र वाचा: स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांच्या वर असलेलं औषध जपानमध्ये आणायला बंदी आहे. आंबे, कढीपत्ता, ताजी मिरची घेऊ नका, विमानतळावर काढून ठेवतील. मटणाचं लोणचं, सुकं मटण तर अजिबात नाही.

मिक्सर घेऊ नका. इथे वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर नुसता घुमतो, दळत नाही. प्रेशर कुकर घ्या आणि त्याची रबरी रिंग दोन जास्तीच्या घ्या, ती इथे सहसा मिळत नाही. गोडा मसाला आईच्या हातचा, दोन-दोन पिशव्यांत गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध. चटणीसाठी लहान लोखंडी खलबत्ता घ्या, जड असला तरी. कुटताना खाली टॉवेलची घडी घालायची, म्हणजे खालच्या मजल्यावर आवाज जात नाही.